आधी सीपीला विचारा

मित्रहो, मोर्शी तालुक्यात ज्याच्या घरी संत्र्याची बाग आहे त्याला ठिबकचे दुखणे समजावून सांगण्याची गरज नाही. शेवटच्या ओळीतल्या झाडांना पाणी पोचत नसेल तर नवखा माणूस त्या ओळीतले ड्रिपर काढून धूत बसतो. जाणता मात्र आधी विहिरीवर जातो, लाइन आहे का, मोटर पाणी उचलते का, फिल्टर तुंबला आहे का हे पाहतो आणि मगच बागेत शिरतो. मेनफ्रेम नावाच्या मोठ्या संगणकावरच्या व्हर्च्युअल मशीनचे, म्हणजे त्यात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकाचे, नेटवर्क बंद पडते तेव्हा बहुतेक जण ड्रिपर धूत बसलेले मी पाहिले आहेत, आणि सुरुवातीची काही वर्षे मीही तेच करत होतो.

आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली २ ऑगस्ट १९७२ रोजी जाहीर केली. आजची झेड/व्हीएम ही तिचीच वंशज. तिच्या गाभ्याशी असलेला कंट्रोल प्रोग्राम, ज्याला सगळे नुसते ‘सीपी’ म्हणतात, तो एका यंत्रावर अनेक यंत्रे उभी करतो. त्यातल्या एखाद्या यंत्रात चालणाऱ्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमला जे नेटवर्क कार्ड दिसते ते सीपीनेच तयार केलेले असते, आणि ते ज्या स्विचला जोडलेले असते तो व्ही-स्विच, म्हणजे यंत्रांना नेटवर्कशी जोडणारा आभासी स्विच, हाही सीपीचाच असतो. खरे तांब्याचे किंवा काचेचे केबल त्याच्याही पलीकडे, ओएसए नावाच्या कार्डाला लागलेले असते. म्हणून आपल्याला दिसणाऱ्या कार्डाची खरी हकिगत लिनक्सला पुरती ठाऊक नसते, ती सीपीला ठाऊक असते.

एक प्रसंग सांगतो. चाचणीसाठी आम्ही एका चालू मशीनची नक्कल करून नवे मशीन उभे केले. लिनक्स सुरू झाले, कार्ड दिसले, आयपी पत्ता आणि गेटवे, म्हणजे बाहेरच्या नेटवर्कचे दार, दोन्ही बरोबर होते; पण पिंगला, म्हणजे ‘आहेस का?’ या छोट्या हाकेला, उत्तर येईना आणि कार्डापुढे ‘नो कॅरिअर’, म्हणजे जोडणीच नाही, असे लिहून येई. मी दोन तास राउटिंगचे तक्ते आणि फायरवॉलचे नियम चाळले. नंतर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी फोनवर एवढेच विचारले, “सीपीला विचारलं का?” मी नेटवर्क कार्डाची माहिती विचारणारी ‘क्वेरी निक डिटेल्स’ ही आज्ञा दिली आणि उत्तरात जिथे स्विचचे नाव असायला हवे होते तिथे काहीच नव्हते. डिरेक्टरीत, म्हणजे प्रत्येक मशीनला काय द्यायचे ते झेड/व्हीएमने जिथे नोंदवलेले असते तिथे, कार्डाची नोंद होती, पण त्या मशीनला स्विचशी जोडण्याची परवानगी, म्हणजे ‘ग्रँट’, कोणी दिलीच नव्हती. ‘सेट व्हीस्विच’ या आज्ञेने ग्रँट दिली, परंतु डिरेक्टरीतली जोडणी फक्त लॉगऑनच्या वेळी होत असल्यामुळे कार्ड स्विचला जोडणारी ‘कपल’ ही आज्ञा हाताने द्यावी लागली, आणि पुढच्याच क्षणी पिंगला उत्तर आले.

नेटवर्क नसताना एसएसएच, म्हणजे नेटवर्कवरून दुरून लॉगिन करण्याची सोय, चालत नाही, तेव्हा मेनफ्रेमच्या ३२७० कन्सोलवरूनच, म्हणजे जुन्या पद्धतीच्या टर्मिनलच्या पडद्यावरूनच, आत जावे लागते, आणि तिथे नवख्याची फजिती ठरलेली असते. कन्सोल ओळीओळीने चालतो. पूर्ण पडदा वापरणारा ‘व्हीआय’ संपादक तिथे उघडत नाही, त्यामुळे फाइलमधली ओळ ‘सेड’ या एका ओळीत बदल करणाऱ्या आज्ञेने बदलावी लागते. कोपऱ्यात ‘होल्डिंग’ असे दिसत असेल तर पडदा क्लिअर केल्याशिवाय पुढचे काही उमटत नाही. ‘सीपी रीड’ दिसत असेल तर मशीनच थांबलेले असते, ते ‘बिगिन’ लिहून चालू करावे लागते. काम संपल्यावर ‘डिसकनेक्ट’ करावे. सवयीने ‘लॉगऑफ’ लिहिणाऱ्याने चालत्या सर्व्हरची वीजच तोडलेली असते. असे लॉगऑफ मी एकदाच केले, दुसऱ्यांदा करण्याची हिंमत झाली नाही.

स्विचला जोडणी आहे आणि तरीही काही जात नाही, असे झाले तर लेअर, म्हणजे दोन्ही बाजू नेटवर्कच्या कोणत्या थरावर बोलतात ते, तपासावे. व्ही-स्विच ‘इथरनेट’ प्रकारचा, म्हणजे लेअर २ चा असेल आणि हे कार्ड चालवणाऱ्या लिनक्सच्या क्यूएथ ड्रायव्हरमध्ये लेअर ३ ठरवलेला असेल, तर दोघांची भाषाच जुळत नाही. कार्ड चालू असताना ही निवड बदलता येत नाही. आधी ते ऑफलाइन करावे लागते. कार्ड मुळातच दिसत नसेल तर ‘सीआयओ इग्नोर’ची, म्हणजे लिनक्सने दुर्लक्षित ठेवायच्या उपकरणांची, यादी पाहावी, कारण अनेक ठिकाणी सुरुवातीलाच सगळी उपकरणे दुर्लक्षित ठेवलेली असतात, आणि क्यूडीआयओ पद्धतीच्या अशा नेटवर्क कार्डाला तर वाचन, लेखन व डेटा असे तीनही क्रमांक, उदाहरणार्थ ०६००, ०६०१ आणि ०६०२, मोकळे करावे लागतात. छोटे पिंग जाते पण मोठी फाइल अडकते, असे असेल तर एमटीयू, म्हणजे एका वेळी जाऊ शकणाऱ्या तुकड्याचा कमाल आकार, पाहावा: तुकडे न पाडता १४७२ बाइटचे पिंग (त्यावरच्या शीर्षकांचे २८ बाइट वेगळे) गेले तर १५०० पर्यंतची वाट मोकळी आहे.

आता त्या ग्रँटविषयी राहिलेले सांगतो. काही आठवड्यांनी देखभालीसाठी संपूर्ण झेड/व्हीएम पुन्हा सुरू करण्यात आले आणि तेच मशीन परत मुके झाले. आज्ञेने दिलेली ग्रँट झेड/व्हीएम पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकते. ती टिकवायची तर आमच्याकडे झेड/व्हीएम सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या ‘सिस्टिम कॉन्फिग’ फाइलमध्ये ‘मॉडिफाय व्हीस्विच’ची ओळ लिहावी लागत असे, आणि पिंगला उत्तर आल्याच्या आनंदात ती लिहायची मीच विसरलो होतो. त्या वेळी मात्र पहिला प्रश्न मी सीपीलाच विचारला, आणि पाच मिनिटांत मशीन परत बोलू लागले.