साठ हजारांची करवत, पाच हजारांचा कटर

(दृश्य: एका सुतार मिस्त्रींच्या शेडमध्ये दोन स्टुलांवर आडवी प्लायची फळी. मधल्या फटीतून वर आलेलं फिरतं पातं. आवाज पूर्ण ठेवावा, निवेदन सहा सेकंदांनी.)

प्लायच्या एका फळीला फट पाडायची. खालून मार्बल कटर उलटा धरून स्क्रूने आवळायचा. बटण लॉक करून टाकायचं आणि पिन बोर्डात खोचायची. झालं टेबल सॉ तयार. फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम चालू असेल तर बाल्कनीत नाहीतर हॉलच्या मधोमध ही फळी हमखास दिसते.

मार्बल कटर मुळात दगडाचं यंत्र. फरशी कापायला केलेलं, पाणी सोडत चालवायचं. आपल्या सुतारांनी त्यातली हिऱ्याची चकती काढली आणि लाकडाचं, कार्बाइडच्या दातांचं पातं बसवलं. पातं 110 मिलिमीटरचं, मिनिटाला साधारण 12 हजार फेरे. गणित मांडलं तर दाताचं टोक सेकंदाला 69 मीटर पळतं, म्हणजे ताशी जवळजवळ अडीचशे किलोमीटर. लोकल माल दोन-अडीच हजारांत येतो, नाव असलेल्या कंपनीचा पाच-सहा हजारांत. प्लाय, सागवान, लॅमिनेट, ॲल्युमिनियमची पट्टी, सगळं याच्यावर निघतं. मध्येच फरशीवाल्याने मागितला तर त्यालाही देता येतो.

(दृश्य: त्याच शेडमध्ये जमिनीवर थर्मोकोलच्या शीटवर ठेवलेला आठ बाय चारचा प्लाय. त्यावर ॲल्युमिनियमची रेल.)

ही दुसरी करवत या शेडची नाही. एका इंटिरिअर कॉन्ट्रॅक्टरकडून दिवसभरासाठी आणलीय. फेस्टूल कंपनीची, टीएस 55. पातं 160 मिलिमीटरचं, फेरे 2000 ते 5200, लागतील तसे कमीजास्त करता येतात. कंपनी दक्षिण जर्मनीतल्या वेन्डलिंगनची. 1925 मध्ये आल्बर्ट फेझर आणि गॉटलीब स्टोल या दोघांनी सुतारकामाची यंत्रं बनवायला सुरुवात केली, त्यातून ती वाढली. रेलवरून सरकणारी करवत त्यांनी 1960 च्या दशकात आणली. जगभरचे सुतार तिला आता ट्रॅक सॉ म्हणतात.

(दृश्य: रेलच्या कडेच्या रबराचा क्लोजअप. स्लो मोशन.)

इथे जरा थांबून बघा. रेलच्या कडेला एक पातळ रबराची पट्टी आहे. नवी रेल आली की पहिल्या कटात करवत ही पट्टीच कापून घेते. म्हणजे त्यानंतर रबराची कड जिथे, पात्याची कड बरोबर तिथेच. पेन्सिलीच्या खुणेवर रबर टेकवायचं आणि करवत ढकलायची. गेज नाही, मनात इंचांची वजाबाकी नाही. रेलच्या पोटाला घसरू न देणाऱ्या पट्ट्या आहेत, त्यामुळे प्लायवर क्लॅम्पसुद्धा बहुतेक वेळा लावावा लागत नाही.

हातातल्या करवतीचं पातं पुढच्या बाजूने खालून वर चढत कापतं. म्हणून टवके उडतात ते वरच्या बाजूने. लॅमिनेट असेल तर अजूनच. सुतारांनी यावर आपापल्या युक्त्या काढल्यात: चांगली बाजू खाली ठेवायची, रेघेवर कागदी टेप मारायची, आधी अर्ध्या खोलीचा कट आणि मग पूर्ण. रेलचं रबर पात्याला चिकटून प्लाय दाबून धरतं, त्यामुळे वरच्या पापुद्र्याला उचकटायला जागाच उरत नाही.

(दृश्य: दोन्ही कट शेजारी. आधी कटरचा, मग रेलवरचा. मिस्त्री दोन कडा एकमेकींना भिडवून उजेडासमोर धरतात.)

आठ फुटांचा कट. कटरवाल्या कडेत मध्यावर उजेड दिसतोय. अर्धा सूत असेल, म्हणजे इंचाचा सोळावा भाग. ही कड आता रंध्याखाली जाईल, मग तिला पट्टी लागेल. रेलवाली कड थेट पट्टीला तयार आहे. कटिंगला लागलेला वेळ दोन्हीकडे जवळपास सारखाच. फरक पडतो तो पुढच्या रंध्याच्या कामात.

(बाईट: मिस्त्री, रेलवर बोट फिरवत. पंधरा सेकंद.)

मग घ्यायची का? जर्मनीत सुतारकामाचं दुकान एका कारागिराच्या तासाचे पन्नास युरोंच्या वर लावतं. रेलसकट ही करवत तिकडे सहाशे-सातशे युरोंना मिळते. म्हणजे बारा-चौदा तासांचं बिल झालं की करवतीचे पैसे वसूल. तेच सातशे युरो इकडे साठ हजारांच्या वर जातात. कस्टम आणि जीएसटी अजून धरलेला नाही. पुण्यात मिस्त्रीचा रोज हजार-बाराशे. दुकानाचं बिल आणि मिस्त्रीचा रोज एक नव्हे, कबूल. पण एकीकडे दोन दिवस आणि दुसरीकडे दोन महिने, इतकी तफावत त्याने भरून निघत नाही. ही किंमत ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तिकडचा तास होता. तो वाचवायला तिकडचा सुतार पैसे मोजतो. इकडे रंधा मारायला हेल्पर असतोच, आणि त्याचा रोज मिस्त्रीपेक्षाही कमी.

शिवाय काम चौरस फुटाच्या भावाने घेतलेलं असतं. घरमालक लॅमिनेट कुठल्या कंपनीचं ते विचारतो, बिजागरी हेटिशची की एब्कोची ते विचारतो. कापलं कशाने, हे कुणी विचारत नाही. कड सरळ आली म्हणून चौरस फुटाला पाच रुपये जास्त देणारा घरमालक भेटला तर कळवा, त्याच्यावर वेगळी फिल्म करू.

(दृश्य: भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. हातगाडीवर प्लायच्या शीट. आत पॅनल सॉ चालू.)

सरळ कटासाठी तिसरी वाटही आहे. माल घ्यायचा तिथेच पॅनल सॉवर कापून घ्यायचा. सरकत्या टेबलाची ही करवत 1906 मध्ये बर्लिनच्या विल्हेल्म आल्टेनडॉर्फ यांनी काढली, आणि आज मॉड्युलर फर्निचरचा बराचसा धंदा तिच्यावर उभा आहे. कट उत्तम येतो. अडचण एवढीच की मापं आधी पक्की असावी लागतात, आणि आपल्या फ्लॅटच्या भिंती गुण्यात, म्हणजे काटकोनात, असतील याची खात्री बिल्डरसुद्धा देणार नाही. साइटवर गेल्यावर दोन सूत कमी करायचे निघतातच. तेव्हा पुन्हा कटर.

(दृश्य: डॉमिनो यंत्र. लाकडात शिरणारा कटर, अति स्लो मोशन. इथे संगीत.)

हे दृश्य आम्ही तीनदा चित्रित केलं, इतकं देखणं आहे. हेही फेस्टूलचंच, डॉमिनो. यातला कटर गोल फिरतो आणि फिरता फिरता डावीउजवीकडे झुलतोही. त्यामुळे गोल भोकाऐवजी लांबट खाच पडते, दोन्ही टोकं गोलसर. तिच्यात बीचच्या लाकडाचा तयार कुसू, म्हणजे जोडाची खुंटी, ठोकायचा. मिनिटाला पंचवीस हजारांच्या वर फेरे, आणि एक खाच पाडायला दोन-तीन सेकंद.

याच कामाला पूर्वी काय लागायचं तेही मिस्त्रींनी करून दाखवलं. खतकसाने दोन रेघा. पटाशी उभी धरून हातोडीचे ठोके. कड सांभाळत एकेक चिपटी उचलायची. मग कुसू कापायचा, बसवून बघायचा, घट्ट झाला तर परत एक साल काढायची. सागाच्या खुर्चीच्या एका पायाला असे दोन-तीन जोड. मिस्त्रींचा हात अजून इतका बसलेला आहे की पटाशीच्या ठोक्यांचा ताल आम्हाला एडिटिंगमध्ये कापवेना. पूर्ण ठेवलाय.

डॉमिनो अमेरिकेत हजार डॉलरच्या वर आहे, आपल्याकडे लाखाच्या घरात. सागाच्या खुर्च्या-टेबलं रोज करणाऱ्या कारखान्याने घेतला तर त्याचे पैसे वसूल होतील, याबद्दल माझं दुमत नाही. पण या शेडमध्ये नव्वद टक्के काम प्लायचं. प्लायला फेव्हिकॉल आणि स्क्रू. तिथे कुसू घालणार कुठे? इथे डॉमिनो आणला तर नुसता बघायचा.

(दृश्य: रिवाइंडिंगचं दुकान. जळालेलं काळं आर्मेचर. तांब्याची तार सोडवणारी बोटं.)

महागड्या यंत्रांची जाहिरात हमखास एका शब्दावर येते: ब्रशलेस. मोटरच्या फिरत्या भागाला घासत वीज पोचवणारे कार्बन ब्रश नाहीत, झीज नाही, आयुष्य जास्त. खरं आहे. आता हे दुकान बघा. कटरचं आर्मेचर, म्हणजे मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग, जळून आलंय. प्लायमध्ये पातं अडकलं, तरी वरून जोर दिला, मोटर तापली, वार्निश वितळलं, तारेला तार भिडली. कारागीर आधी जुनी तार कापून उपसतो. खाचांमध्ये नवा कागद भरतो. मग नव्या तारेचे वेढे, हातानेच, खाचा मोजत. प्रत्येक टोक कम्युटेटरच्या, म्हणजे ब्रश जिथे टेकतात त्या कड्याच्या, पट्टीला पक्कं करायचं. वार्निश ओतायचं, भट्टीत सुकवायचं. शेवटी कम्युटेटर लेथवर एक हलका कट घेऊन गुळगुळीत करायचा. सकाळी दिलेलं संध्याकाळी परत, खर्च नव्या कटरच्या काही हिश्श्यात.

ब्रशलेस मोटरच्या डोक्यात इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. तो गेला की या दुकानात इलाज नाही. पूर्ण बोर्ड बदलायचा, तोही कंपनीकडून मागवून. वेन्डलिंगनचा सुतार यंत्र खोक्यात घालून पाठवतो आणि काही दिवसांत दुरुस्त होऊन परत येतं. त्या सेवेचेही पैसे त्या किमतीत आहेत. सर्व्हिस सेंटर लांब असेल तर तो पैसा आपण भरायचा आणि सेवा मात्र घ्यायची नाही, असा प्रकार होतो. बॅटरीच्या यंत्रांची गोष्ट वेगळी नाही: एका कंपनीची बॅटरी घेतली की पुढची सगळी यंत्रं त्याच कंपनीची.

(दृश्य: शेडच्या पत्र्यातून आलेली उन्हाची तिरीप. सँडर चालू. भुकटीचा लोट.)

संपूर्ण शूटिंगमधला हा सर्वांत बोलका शॉट. एमडीएफला, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाला, घासायचा सँडर लावलाय, पिशवी न लावता. उन्हाच्या पट्ट्यात जे तरंगतंय ते एरवीही असतंच, फक्त दिसत नाही.

(दृश्य: तोच सँडर, मागे व्हॅक्यूमची नळी. उन्हाची तिरीप जवळजवळ स्वच्छ.)

आणि हा नळी लावल्यावर. यंत्र तेच, माणूस तोच. महागड्या सँडरच्या किमतीतला मोठा भाग या नळीच्या व्यवस्थेचा आहे. चकतीला भोकं, मागे पंखा, नळी घट्ट बसेल असं तोंड, आणि यंत्राचं बटण दाबताच आपोआप सुरू होणारा, भुकटी ओढून घेणारा एक्स्ट्रॅक्टर. फिनलंडच्या मिर्का कंपनीने जाळीचा पॉलिश पेपर काढला, त्यातून भुकटी सगळीकडून ओढली जाते. तशी जाळी आता स्वस्तातही मिळते आणि साध्या सँडरलाही बसते. युरोपात कठीण लाकडाच्या भुकटीवर कायद्याची मर्यादा आहे: एका घनमीटर हवेत 2 मिलिग्रॅम. म्हणून तिथे नळी चैनीची वस्तू राहिलेली नाही.

लाकडाची भुकटी कॅन्सर करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच नोंदवलंय. एमडीएफमधल्या फॉर्मल्डिहाइडचं नावही नंतर त्याच यादीत आलं.

(दृश्य: मिस्त्री वहीत आकडे मांडताना. हेल्पर चहा ओततोय.)

पंतप्रधान विश्वकर्मा योजना 2023 च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाली. तिच्यात सुतार आहेत, आणि अवजारांसाठी 15 हजार रुपयांची मदत आहे. मिस्त्रींचा हिशेब त्या आकड्यापासून सुरू झाला. पंधरा हजारांत फेस्टूलची करवत येत नाही. पण नुसती रेल येते, आणि मग आहे त्या करवतीला सरकपाट, म्हणजे रेलवर सरकणारा पाया, जोडता येतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. माकिता आणि फेस्टूल यांच्या रेल एकमेकींच्या करवतींना चालतात. म्हणजे रेल आज घेतली आणि करवत चार वर्षांनी बदलली तरी रेल वाया जात नाही. रेलला जळायला मोटर नाही. खराब होतं ते रबर, आणि ते सुटं मिळतं. माझ्या मते महागड्या यंत्राच्या किमतीतले पैसे द्यावेत असे भाग दोनच, रेल आणि नळी. मोटर आणि बाकीचं सगळं ज्याचा तास महाग आहे त्याने घ्यावं.

(दृश्य: नवी रेल, मिस्त्रींची जुनी सर्क्युलर सॉ, खाली स्वतः बनवलेला प्लायचा पाया. पहिला कट.)

मिस्त्रींनी दोन तुकड्यांची रेल घेतली, जोडली की आठ फुटांचा प्लाय पूर्ण कापला जातो. सरकपाट प्लायचाच केला आणि खालच्या खोबणीत नायलॉनची पट्टी बसवली. पहिल्या दिवशी पट्टी खोबणीत सैल होती, दुसऱ्या दिवशी सनमायक्याचा तुकडा चिकटवून ती जाड केली. कड फेस्टूलच्या करवतीइतकी गुळगुळीत येत नाही, पण रंध्याचं काम निम्म्यावर आलंय. व्हॅक्यूमचं तोंड आणि सँडरचं तोंड जुळत नव्हतं, तिथे पीव्हीसीचा रिड्युसर तापवून बसवलाय. एक्स्ट्रॅक्टरचं काय ते दिवाळीचं काम उरकल्यावर बघायचं ठरलंय. तोपर्यंत घरगुती व्हॅक्यूम, आणि भुसा आधी खाली पडावा म्हणून मध्ये झाकणाची रंगाची बादली. चौरस फुटाचा भाव आहे तोच आहे.

(श्रेयनामावली.)