समोरासमोरची दोन पाने

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या सैन्यात स्वेच्छेने दाखल झालेले तत्त्वज्ञ लुडविग विटगेन्स्टाइन आघाडीवरही वही लिहीत असत. उजव्या पानांवर तर्कशास्त्राची टिपणे असत, सरळ जर्मन भाषेत. डाव्या पानांवर स्वतःची भीती, वासना आणि प्रार्थना, वर्णमाला उलटी वापरून सांकेतिक लिपीत. १९६१ साली या वह्या छापल्या गेल्या तेव्हा सांकेतिक मजकूर वगळण्यात आला.

ब्रिटिश चरित्रकार रे मंक यांनी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या ‘लुडविग विटगेन्स्टाइन : द ड्यूटी ऑफ जीनियस’ या चरित्रात ही दोन्ही पाने एकमेकांशेजारी ठेवून वाचली, आणि माझ्या मते या ग्रंथाचे मोठेपण तिथेच आहे. जून १९१६ मध्ये जनरल ब्रुसिलोव्हच्या रशियन फौजांनी प्रचंड चढाई केली, विटगेन्स्टाइन यांच्यासमोर मरण रोज उभे राहिले, आणि नेमक्या त्याच दिवसांत, तोवर मुख्यतः विधानांच्या रचनेची चर्चा करणाऱ्या उजव्या पानावर, ईश्वराविषयी आणि जगण्याच्या हेतूविषयी आपल्याला काय ठाऊक आहे, हा प्रश्न येतो. ‘ट्रॅक्टॅटस’ हा त्यांचा ग्रंथ शेवटी तर्काकडून नीतीकडे का वळतो, याचे उत्तर मंक असे तारीखवार हाती देतात. तर्क आणि नीती ही स्वतःप्रतीच्या एकाच कर्तव्याची दोन अंगे आहेत, ही ऑस्ट्रियन विचारवंत ओटो वायनिंगर यांच्याकडून विटगेन्स्टाइन यांच्यात आलेली धारणा मंक यांनी ग्रंथभर लावून धरली आहे.

आरती ओवाळणे किंवा पंचनामा करणे, हे दोन्ही मोह मंक टाळतात. युद्धानंतर ऑस्ट्रियातील खेड्यांतल्या शाळांत शिकवताना विटगेन्स्टाइन मुलांना मारत. १९२६ साली ओटरटाल येथे एक मुलगा मार बसून बेशुद्ध पडला आणि त्यांनी नोकरी सोडली. दहाएक वर्षांनी ते त्याच गावात माफी मागायला गेले. मंक हे सारे सांगतात, पण त्या माफीने हिशेब मिटला असे भासवत नाहीत.

मंक यांनी ऑक्सफर्डमध्ये विटगेन्स्टाइन यांच्या गणितविषयक तत्त्वज्ञानावरच संशोधन केले होते, त्यामुळे अवघड भागातही त्यांची लेखणी अडखळत नाही. १९३९ साली विटगेन्स्टाइन यांच्या केंब्रिजमधील व्याख्यानांना गणितज्ञ ॲलन ट्युरिंग येत. गणितात विसंगती लपून राहिली तर त्या गणितावर बांधलेला पूल कोसळू शकेल, असे ट्युरिंग यांचे म्हणणे होते. विटगेन्स्टाइन यांना ते पटत नव्हते. मंक हा वाद सारांशात उरकत नाहीत, दोघांचे सवाल-जवाब मांडतात, आणि तर्कशास्त्र न शिकलेला वाचकही आपण कोणाच्या बाजूचे, हे ठरवू लागतो.