सायकल स्टँड मागताना नकाशा जोडा, नाहीतर पुन्हा तीच चाक वाकवणारी फट मिळेल

नमस्कार. गेल्या काही महिन्यांत तुमच्याकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत आहे. आमच्या भागात सायकलसाठी नीट मार्ग हवा असेल आणि सायकल लावायला जागा हवी असेल, तर कोणाला भेटायचे, काय मागायचे आणि कसे मागायचे? पुण्यात मी ज्या गटाबरोबर हे काम करते, त्या गटाच्या अनुभवावरून आज उत्तर देणार आहे. उदाहरणे पुण्याची असतील, कारण इथले रस्ते आणि इथल्या कचेऱ्यांचे जिने मला ठाऊक आहेत. मात्र नाशिक, कोल्हापूर, सोलापूरच्या मंडळींनाही यातला बराचसा भाग जसाच्या तसा वापरता येईल.

प्राथमिक गोष्टी भराभर सांगते, कारण त्या तुम्हाला माहीत आहेत. निवेदन लेखी द्या, त्यावर आवक क्रमांकासह पोच घ्या, जागेची छायाचित्रे दिवसाउजेडी काढून जोडा आणि एकट्याने न जाता त्या रस्त्याने रोज सायकलवर जाणारी दोन-चार माणसे सोबत घेऊन जा. लहान कामासाठी क्षेत्रीय कार्यालयात जायचे आणि मोठ्या रस्त्यासाठी पथ विभागात. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक हा उपक्रम आहे. त्यात आपल्या प्रभागातले पाच लाख रुपयांपर्यंतचे काम साध्या नागरिकाला अर्ज भरून सुचवता येते. पावसाळा सरता सरता साधारणपणे हे अर्ज मागवले जातात, तेव्हा महापालिकेच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपून कारभार प्रशासकाच्या हाती गेला, त्यानंतरच्या काळात आमच्यासारख्या गटांना थेट अभियंत्यांशीच बोलण्याची सवय लावून घ्यावी लागली आणि त्या सवयीचा आजही उपयोग होतो.

आता मुख्य मुद्दा. माझी कळकळीची विनंती आहे की अर्जात नुसते 'सायकल स्टँड बसवावेत' असे लिहू नका.

कारण तसे लिहिले की काय येते, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीच्या लोखंडी दांड्यांच्या जोड्या येतात. त्यांच्यामधल्या फटीत सायकलचे पुढचे चाक घुसवायचे आणि बाकीची सायकल देवाच्या हवाली करायची, अशी ती रचना असते. शाळांबाहेर, बँकांबाहेर, उद्यानांच्या दारात, नव्या कोऱ्या व्यापारी संकुलांच्या तळघरात सगळीकडे हाच प्रकार दिसतो. आणि या स्टँडमध्ये सायकल उभी राहिलेली दिसते, म्हणून सगळ्यांना वाटते की काम झाले.

काम झालेले नसते. सायकलचे चाक उभ्या दिशेने येणारे वजन उत्तम पेलते, माणूस, मागची पिशवी आणि खड्डा हे सगळे ते सोसते. पण आडव्या दिशेने आलेला जोर त्याला सोसत नाही. शेजारच्या माणसाने आपली सायकल काढताना हँडल अडकले, जोराचा वारा आला, एखाद्या दुचाकीचा धक्का लागला, की सायकल आडवी पडते आणि पुढचे चाक मात्र फटीत पकडलेलेच राहते. मग सगळा पीळ त्या रिमवर येतो. आमच्या भागातले सायकल दुरुस्तीवाले काका चाक हातात घेऊन फिरवतात आणि ब्रेकच्या रबरापाशी ते कुठे डुगडुगते ते बघून लगेच सांगतात की आउट आले आहे, म्हणजे रिम वाकडी झाली आहे. थोडे असेल तर आरे कसून ते आउट काढता येते, जास्त असेल तर रिमच बदलावी लागते. माझ्या सायकलचे असे झाले ते एका मोठ्या कार्यालयाच्या आवारात, जिथे स्टँड नवे होते, वर छप्पर होते, रखवालदारही होता. रखवालदाराने पडलेली सायकल उचलून पुन्हा त्याच फटीत उभी केली होती आणि त्याला बिचाऱ्याला दुसरे काही करताही आले नसते.

याच स्टँडकडे कुलपाच्या बाजूने बघा. अनेक प्रेक्षक लिहितात की सायकल चोरीला गेली, म्हणून आता बाहेर नेत नाही. त्यांतल्या एका ताईंनी फार बारकाईने वर्णन केले आहे. त्यांनी चांगली जाड साखळी घेतली, स्टँडच्या दांडीतून आणि पुढच्या चाकातून ओवून कुलूप लावले आणि संध्याकाळी येऊन पाहिले तर कुलूप शाबूत, साखळी शाबूत, पुढचे चाक शाबूत आणि सायकल नाहीशी. ताई, तुमच्या कुलपाचा यात दोष नाही. पुढचे चाक दोन नटांवर असते आणि अनेक नव्या सायकलींमध्ये तर ते पान्याशिवाय, एक खटका फिरवून निघते. सायकलची फ्रेम जमिनीत पक्क्या रोवलेल्या वस्तूला बांधता आली पाहिजे, आणि वीतभर उंचीच्या दांडीपर्यंत फ्रेमचा कोणताही भाग पोचतच नाही. म्हणजे जो स्टँड सायकलची फ्रेम बांधू देत नाही, तो चोराच्या सोयीचा आहे, इतके स्पष्ट मी म्हणेन.

त्याऐवजी मागायचे काय? उलट्या यू आकाराची, जाड लोखंडी नळीची एक कमान. तिला शेफिल्ड स्टँड म्हणतात. उंची साधारण ७५ सेंटीमीटर, लांबी ७० सेंटीमीटर ते एक मीटर, नळी पाच सेंटीमीटर जाडीची, दोन्ही पाय काँक्रीटमध्ये गाडलेले. कमानीच्या दोन्ही बाजूंना एकेक सायकल टेकते, म्हणजे एका कमानीत दोन सायकली. फ्रेम आणि एक चाक मिळून कुलूप घालता येते. दोन कमानींमध्ये एक मीटर अंतर हवे, कारण त्याहून कमी ठेवले की हँडल एकमेकांत अडकतात आणि दोघांच्या जागी एकच सायकल लागते. भिंतीला समांतर कमान बसवायची असेल तर भिंतीपासून निदान ६० सेंटीमीटर सोडा, नाहीतर भिंतीकडची बाजू वाया जाते. यात कोणताही हलणारा भाग नाही, रंगाशिवाय देखभाल नाही आणि गल्लीतल्या वेल्डरला ती करता येते.

आमच्या गटाने ही गोष्ट एका कनिष्ठ अभियंत्यांना समजावली तेव्हा आम्ही कागद नेले नव्हते, सायकली नेल्या होत्या. एक उंच काळी दणकट सायकल, मागे कॅरियर आणि दुहेरी स्टँड असलेली. एक पुढे जाळी असलेली मुलींची सायकल. एक शाळकरी मुलाची छोट्या चाकांची. आणि एक जाड टायरची, डिस्क ब्रेकची, जिला स्वतःचा स्टँडच नव्हता. त्यांच्या कार्यालयाच्या दारातल्या स्टँडमध्ये त्या लावून दाखवल्या. जाड टायर फटीत शिरेना, छोट्या चाकाची सायकल आत जाऊन कलंडली, डिस्क दांडीला घासू लागली आणि जाळीवाली सायकल तिरकी राहिली. साहेबांनी स्वतः हात लावून पाहिले. त्यानंतर अर्धा तास जे बोलणे झाले तेवढे मोकळे बोलणे आमच्या आधीच्या सगळ्या निवेदनांतून झाले नव्हते. तुम्हीही हे करून पाहा.

तरीसुद्धा अभियंत्यांना पटले म्हणजे झाले असे समजू नका. इथेच बहुतेक गट कमी पडतात, म्हणून तीच गोष्ट आता कागदाच्या बाजूने सांगते. तुमची मागणी मंजूर झाली की तिचे अंदाजपत्रक होते, त्यात 'सायकल स्टँड पुरवणे व बसवणे, इतके नग' अशी एक ओळ येते, आणि पुढे निविदेतून ज्याला काम मिळते तो बाजारात जे तयार आणि स्वस्त मिळते ते आणून बसवतो. त्याने कराराचा भंग केलेला नसतो, कारण त्या ओळीत आकार लिहिलेलाच नसतो. म्हणून तुमच्या अर्जाला एका कागदावर हाताने काढलेला का होईना, मापांसहित नकाशा जोडा आणि 'सोबत जोडलेल्या नकाशाप्रमाणे' हे तीन शब्द कामाच्या वर्णनात यावेत असा आग्रह धरा. ते आले की नाही, हे निविदा निघण्यापूर्वी पाहायचे. २०१८ साली राज्य शासनाने परिपत्रक काढून दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना कार्यालयांतील अभिलेख पाहण्याची सोय करावी असे सांगितले होते. तुमच्या कार्यालयात ती वेळ कशी पाळली जाते हे फोन करून विचारा आणि जाऊन फाइल पाहा. तसे जमले नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून अर्ज करा. त्याला उत्तर यायला तीस दिवसांची मुदत आहे, त्यामुळे तो लवकर केलेला बरा.

मार्गांविषयी विचारणाऱ्यांना वाटेल की मी स्टँडवरच अडकले आहे. मार्गांचे काम मोठे आहे आणि त्यावर सविस्तर बोलायला हवे, पण एक गोष्ट आजच सांगते. पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने डिसेंबर २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात आठशेहून अधिक किलोमीटरच्या सायकल जाळ्याचा विचार आहे आणि सायकल लावण्याच्या जागांचाही आहे. 'परिसर'सारख्या संस्था चार दशके पादचारी, सायकलस्वार आणि बस यांच्या बाजूने इथे झगडत आल्या आहेत. तेव्हा 'आम्हाला ट्रॅक द्या' अशी नवी मागणी करण्यापेक्षा 'मंजूर आराखड्यातला आमच्या रस्त्याचा भाग पूर्ण करा' असे लिहा. सातारा रस्त्यावरून गेलात तर कारण कळेल. तिथे ट्रॅक आहे, पण तो कुठे विजेच्या डीपी बॉक्सपाशी थांबतो, कुठे लावलेल्या दुचाकींखाली नाहीसा होतो आणि चौक आला की सायकलस्वाराला बसच्या पुढ्यात सोडून देतो. अशा रस्त्यावर नव्या ट्रॅकचे आणखी एक किलोमीटर मागण्याऐवजी त्या पाच-सहा तुटलेल्या जागांची यादी द्या, प्रत्येक जागेचे छायाचित्र आणि जवळच्या दुकानाची किंवा बसथांब्याची खूण द्या. दुचाकी अडवण्यासाठी लावलेल्या खांबांमधले अंतर मोजपट्टीने मोजा. साध्या सायकलचे हँडल साठेक सेंटीमीटर रुंद असते, दोन्ही बाजूंनी बोटे खरचटू नयेत इतकी जागा हवी, आणि ज्यांना तीनचाकी सायकलशिवाय फिरता येत नाही त्यांनाही तिथून जाता आले पाहिजे.

पिंपरी-चिंचवड आणि नागपूरच्या प्रेक्षकांनी विचारले आहे की आमच्याकडे असे काही झाले आहे का. झाले आहे. २०२० साली केंद्र सरकारने सायकलींसाठी शहरांची जी स्पर्धा घेतली, त्यात निवडलेल्या अकरा शहरांत तुमची दोन्ही शहरे होती. त्या वेळी रंग, शंकू आणि अडथळे वापरून तात्पुरत्या मार्गिका आखून पाहण्याची पद्धत रूढ झाली. तीच पद्धत आज तुमच्या रस्त्यासाठी मागा, कारण काही आठवड्यांच्या चाचणीला होकार मिळणे पक्क्या बांधकामापेक्षा सोपे असते.

एक टिप्पणी मात्र मला वारंवार खटकते, ती म्हणजे 'आता सायकल चालवतो कोण?' हे लिहिणाऱ्यांनी सकाळी सहाच्या सुमारास कोणत्याही मोठ्या सोसायटीच्या फाटकापाशी उभे राहावे. रात्रपाळी संपवून निघालेले रखवालदार, वर्तमानपत्रे टाकणारी मुले, माळीकाका, घरकामाला येणाऱ्या मावशी, शिकवणीला निघालेली मुले दिसतील. आणि त्याच सोसायटीत त्यांच्या सायकली कुठे असतात तेही पाहावे. फाटकाबाहेर, झाडाच्या खोडाला किंवा गटाराच्या जाळीला साखळीने बांधलेल्या. अनेक जुन्या इमारतींच्या मंजूर नकाशात मोटार आणि स्कूटर यांच्याबरोबर सायकलींच्या जागेचा रकाना असतो, कारण पुण्याच्या तेव्हाच्या नियमावलीत तो होता. आपल्या सोसायटीचा नकाशा काढून बघा. ती जागा कागदावर असेल आणि प्रत्यक्षात तिथे तिसरी मोटार उभी असेल, तर सर्वसाधारण सभेत हा विषय मांडायला तुमच्याकडे पक्का आधार आहे. तिथेही फाटकाजवळ, रखवालदाराच्या नजरेसमोर चार कमानी मागा. तळघराच्या शेवटच्या कोपऱ्यात, उतारावरून खाली नेऊन, अंधारात सायकल लावायला कोणी जात नाही आणि मग रिकाम्या स्टँडकडे बोट दाखवून 'बघा, कोणी वापरत नाही' असे म्हटले जाते.

आता स्टँड बसले असे समजू. ठेकेदाराचे देयक निघण्यापूर्वी जागेवर जा. कमान दोन्ही हातांनी धरून जोराने हलवा. ती पेव्हर ब्लॉकवर नुसती बोल्टने बसवलेली असेल तर लगेच डगमगते, आणि पान्याने सुटणारा स्टँड कुलपासकट उचलून नेता येतो. काँक्रीटचा पाया नसेल तर त्याच दिवशी छायाचित्रासह लेखी कळवा. दोन कमानींमधले अंतर पट्टीने मोजा. कामाचा दोषदायित्व कालावधी किती आहे आणि तो कोणत्या तारखेला संपतो, हे फाइलमधून लिहून घ्या, कारण तोपर्यंत वाकलेली किंवा उखडलेली कमान ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायची असते. ती तारीख संपण्याच्या महिनाभर आधी सगळ्या कमानी पुन्हा एकदा हलवून बघा आणि ज्या सैल असतील त्यांची यादी क्षेत्रीय कार्यालयात देऊन पोच घ्या. मापांचा नकाशा मी खाली जोडला आहे. तो छापून घ्या आणि आपल्या प्रभागाचे नाव घालून वापरा.