सकाळी सात वाजताची भिंत

मंडळी, विषय पत्रिकेवर छापलाय तोच आहे: प्राथमिक शाळेसाठी लाकडाची, सुटे भाग जोडून उभी करता येणारी वर्गखोली. नकाशे आणलेत, मॉडेलही आणलंय. पण त्याआधी तुम्हाला एक भिंत दाखवायची आहे. उमरेडच्या वाटेवरच्या एका गावात चला.

एप्रिल महिना, सकाळची शाळा. सात वाजले होते. अंगणात कडुनिंबाखाली छान गार वाटत होतं. वर्गात पाऊल टाकलं आणि चूल विझल्यावरही स्वयंपाकघरात धग राहते ना, तशी धग अंगावर आली. मुलं टाटपट्ट्यांवर दाटीवाटीने बसली होती आणि पश्चिमेच्या भिंतीलगत दोन हात जागा रिकामी होती. मी विचारलं, इकडे का नाही बसत कोणी? दुसरीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, भिंतीले ताप आला हाये."

हसलात, मलाही हसू आलं होतं. मग मी भिंतीला हात लावला. खरोखर ताप होता. आदल्या दिवशीच्या दुपारचं ऊन त्या विटांमध्ये आणि वरच्या स्लॅबमध्ये रात्रभर मुक्कामाला होतं. खिडक्या बंद, दाराला कुलूप, उष्णता जाणार कुठे? आपण नागपूरचे. 2013 च्या मे महिन्यात 47.9 अंश पाहिलेली माणसं. दुपारचं ऊन आपल्याला नवं नाही. पण या मुलांची शाळा दुपारी नव्हतीच. वर्गखोली गार हवी होती सकाळी सातला, आणि नेमकी तेव्हाच ती कालची दुपार परत देत होती.

त्याच आवारात पूर्वी कवेलूची शाळा होती. सागाचे खांब, सागाच्या तुळया, उंच छप्पर. तिचं निर्लेखन झालं, म्हणजे कागदावरून ती पुसली गेली, आणि लाकडाचा लिलाव झाला. ते लाकूड घेणाऱ्या सुतारकाकांना मी शोधून काढलं. त्यांच्या अंगणात दोन तुळया अजून पडून होत्या. त्यांनी एकीवर रंधा मारला. वरचा काळा थर निघाला आणि आत मधाच्या रंगाचा गाभा! तेलकट वासही तसाच. मग त्यांनी तुळईचं टोक दाखवलं. भिंतीत गाडलेलं तेवढं वीतभर टोक भुसा झालेलं. "मॅडम, लाकूड नाही सडलं, भिंतीतलं पाणी त्याच्या टोकात शिरलं," ते म्हणाले. मी वास्तुकलेची पदवी घेतलेली बाई. लाकूड कुठे टेकवायचं आणि कुठे नाही, हे मी त्या अंगणात शिकले. दोन्ही तुळया ठणठणीत होत्या. एक वीत कापून टाकली असती, तर शाळा उभी राहिली असती.

माझी तक्रारही सांगते, कारण ती माझी एकटीची नाही. एका शाळेसाठी दोन वर्गखोल्यांचा लाकडी प्रस्ताव मी दिला होता. फाइल परत आली, त्यावर एक ओळ: इमारत पक्की असावी. या एका शब्दाने माझी दोन वर्षं घेतली. पक्कं म्हणजे काय? सिमेंट म्हणजे पक्कं, लाकूड म्हणजे कच्चं, असं केव्हा ठरलं? नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांचे चौक सागाच्या खांबांवरच उभे राहिले, आणि ज्या शहरात लाकडाच्या बाजारपेठेवरून लकडगंज हे नाव पडलं, तिथे लाकूड कच्चं?

अर्थात यामागे इतिहास आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने जंगलं वाचावीत म्हणून 1993 मध्ये स्वतःच्या बांधकामांत लाकूड वापरण्यावर बंदी घातली आणि 2020 मध्ये ती उठवली. सत्तावीस वर्षं! एवढ्या काळात अभियंत्यांची एक अख्खी पिढी लाकडाचं गणित न करता नोकरीत मुरली. तोवर आपला साग दारं-खिडक्यांत आणि दिवाणांत गेला. 2023 मध्ये नव्या संसद भवनाचं उद्घाटन झालं, त्यातलं सागवान नागपूरहून गेलं. मला त्याचा अभिमान आहे. त्यातल्या चार तुळया जिल्हा परिषदेच्या शाळेवर दिसाव्यात, एवढंच माझं मागणं.

आणि "मॉड्यूलर" म्हटलं की लोकांना परदेशी काही वाटतं. अहो, आपले आजोबा घर कसं मोजायचे? तीन खणांचं घर, पाच खणांचा वाडा. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. कुटुंब वाढलं, एक खण वाढवा. मी जे मांडतेय ते तेच आहे, फक्त खण कारखान्यात तयार होईल आणि ट्रकवर चढेल.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं म्हणताहेत. ठीक आहे, नकाशा भराभर वाचू.

एक खण 2.4 मीटर रुंद आणि 6 मीटर लांब. रुंदी ट्रकवरून ठरली. असे तीन खण जोडले की 7.2 बाय 6, म्हणजे त्रेचाळीस चौरस मीटरची खोली. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक धरला आहे. तीस मुलांना ती ऐसपैस होते. जोड बोल्टचे. पट वाढला तर चौथा खण जोडा. घटला तर तोच सोडवून शेजारच्या गावी न्या.

लांब बाजू उत्तर-दक्षिणेला तोंड करून, खिडक्या त्याच बाजूंना, दक्षिणेला व्हरांडा. पश्चिमेला खिडकी नाही, तिथे भिंतभर कपाटं. त्या मुलीचा ताप त्या कपाटांनी घ्यायचा. छप्पर दुहेरी: वर फिक्या रंगाचा पत्रा, खाली लाकडी तक्तपोशी, मध्ये फूटभर मोकळी हवा, आणि आढ्याशी गरम हवेला वाट. लाकडातून उष्णता काँक्रीटच्या साधारण दहाव्या हिश्शाने जाते. लाकडी भिंत हलकी, त्यामुळे ती भर दुपारी लवकर तापेल, हे मी लपवत नाही. पण ती रात्री तितक्याच लवकर निवते, आणि जाळीच्या झडपा रात्रभर उघड्या ठेवल्या की सकाळी सातला खोली बाहेरच्याइतकी गार असते. दुपारी भरणाऱ्या कॉलेजसाठी मी वेगळा हिशोब करीन. सकाळच्या शाळेला हलकी भिंतच हवी.

पाया. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि जड बांधकामाला तडे देते. इथे हलकं लाकूड आपल्या बाजूचं आहे. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी, तळाशी फुगवटा असलेले छोटे पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले पायाचे खांब, विकसित केले. त्यावर जमिनीपासून हात-दीड हात वर सगळा सांगाडा. खालून वारा जातो, आणि प्रत्येक पाइलवर पत्र्याची टोपी असली की उधईला लपून वर चढता येत नाही. मातीची रेघ टोपीबाहेर दिसते, शिपाई झाडूने पाडू शकतो. आणि एकही तुळई भिंतीत गाडायची नाही, हा सुतारकाकांचा नियम.

लाकूड कुठून? जंगल तोडून अजिबात नाही. वन विकास महामंडळ 1974 पासून आहे, मुख्यालय आपल्याच शहरात. सागाच्या रोपवनात विरळणी करावीच लागते, त्यातून बारीक गोल माल निघतो. त्याच्या पट्ट्या 12 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून, थरावर थर चिकटवून तुळई करायची. साग तेलकट, म्हणून रंधा मारल्यावर लगेच चिकटवायचा, दुसऱ्या दिवशी नाही. मे आणि जुलैच्या हवेत जमीन-अस्मानाचा फरक. फळ्या आडव्या फुगतात, म्हणून बोल्टची भोकं लांबट. एका घनमीटर वाळलेल्या सागाचं वजन साधारण साडेसहाशे किलो, त्यात निम्मा कार्बन. म्हणजे टनाहून थोडा जास्तच कार्बन डायऑक्साइड झाडाने हवेतून काढून त्या तुळईत ठेवलेला असतो.

आग. हा प्रश्न मी घाईत उरकणार नाही, चिठ्ठी आली तरी. 2004 मध्ये कुंभकोणमच्या शाळेत 94 मुलं गेली. छप्पर झावळ्यांचं होतं, जिना अरुंद होता. मुलांची इमारत काढताना ते विसरायचा हक्क कोणालाच नाही. झावळी आणि काडी भडकन पेटते. जाड तुळई बाहेरून कोळसा होत जाते, मिनिटाला मिलिमीटरपेक्षा कमी, आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला झाकतो. अर्ध्या तासात साधारण दोन सेंटिमीटर. तेवढं लाकूड आधीच जास्तीचं धरायचं. शिवाय इमारत एकमजलीच, प्रत्येक खोलीला बाहेर उघडणारी दोन दारं, पोषण आहाराचं स्वयंपाकघर वेगळं आणि लांब, वायरी लोखंडी नळीतून. यातलं एकही वजा करायचं असेल, तर माझा नकाशा वापरू नका.

वेळ संपली. खर्चाचा तक्ता दाराशी ठेवलाय, घेऊन जा. मागच्या टेबलावर एक खण आहे, अर्ध्या मापाचा. पाना शेजारीच आहे. सहा बोल्ट आहेत. सोडवून बघा आणि परत जोडा. लकडगंजचे जे दोघं-तिघं आलेत, त्यांनी जरा थांबावं, तुळईच्या थरांबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.