पायाखालची हलती फळी
(लातूर येथे आयटीआयच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

लातूरच्या अभ्यासिकांमध्ये मुलं-मुली सकाळी बसतात ती रात्रीच उठतात. तुमचीही भावंडं तिथं असतील. त्यांच्यासाठी बसल्या जागी पायाखाली ठेवायची हलती फळी आपल्याला बनवायची आहे. खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण ४५ सेंटिमीटरवर असते. पाच फुटांच्या मुलीची टाच तिथून जमिनीला नीट टेकत नाही. मग खुर्चीची कड गुडघ्यामागे रुतते, आणि पायातलं रक्त वर नेणारी मोठी शीर नेमकी तिथूनच जाते. म्हणून आधी फळीच्या उंचीचं बघा, हालचालीचं त्यानंतर. चौकोनी पाइपात पाइप, आरपार भोकं आणि एक बोल्ट, एवढ्यानं उंची कमी-जास्त करता येते.

आता फळी हलायला का हवी? पोटरीचा स्नायू आवळला की आतल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर सरकतं. शिरांमधल्या झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. पाय तासन्‌तास स्थिर राहिला की रक्त खालीच साचतं, घोटे सुजतात. १९४० साली लंडनवर बाँब पडत असताना लोक आसऱ्याच्या जागी डेक-चेअरवर, म्हणजे घडीच्या कापडी खुर्चीवर, बसून रात्री काढत. त्यांतल्या काहींच्या पायात रक्ताची गुठळी झाली, ती फुप्फुसात गेली आणि ते दगावले. कीथ सिम्पसन या न्यायवैद्यक डॉक्टरांनी हे त्याच वर्षी नोंदवलं. पुढं तिथं झोपण्यासाठी बाकं आली. आपल्या तरुण मुलांना एवढी भीती नाही, पण सूज आणि मुंग्या त्यांनाही येतातच.

टेलरचं बघा. नजर कापडावर, पाय पायडलवर, आणि पायाकडं त्याचं लक्षही नसतं. आपल्याला हेच हवंय. फरक एवढाच, की पायडलला मशीनचं चाक ओढावं लागतं. आपल्या फळीला ओढायला काहीच नाही. नुसती झुलणारी फळी पोटरीला फारसं काम देत नाही. म्हणून फळी मधोमध दांड्यावर बसवा आणि टाचेकडची कड सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी खालच्या चौकटीला बांधा. चवडा दाबला की टाच उचलते, पट्टी ताणली जाते आणि पोटरीला जोर लावावा लागतो. पट्ट्या कमी-जास्त केल्या की जोर बदलतो.

घोटा वर साधारण २० अंश वळतो, खाली ५०. फळीला त्याच्या निम्म्यावरच अडवा. विसाव्यासाठी १०-१५ अंशांच्या उतारावर ती खिट्टीनं पक्की झाली पाहिजे. बोटं चेमटतील अशी फट ठेवू नका.

आवाजाचं मला फार महत्त्वाचं वाटतं. अभ्यासिकेत खुटखुट झाली की शेजारचा वैतागतो आणि फळी कोपऱ्यात जाऊन पडते. दांडा फिरतो तिथं नायलॉनचं बुश, म्हणजे नळीसारखं अस्तर, घाला. शहाबादी फरशीवर चौकट सरकते, म्हणून चौकटीच्या पायांना रबर लावाच. आणि फळी आहे म्हणून उठायचं नाही, असं कुणालाही सांगू नका; मधूनमधून चालणं हवंच. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर फळी बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठायचा.

लाकूड कापायच्या आधी टेप घेऊन एखाद्या अभ्यासिकेत जा. तिथल्या मुलामुलींना विचारून, बसलेल्या अवस्थेत जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतची उंची मोजून आणा. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त माप मिळाल्यावरच पाइपला भोकं कुठं पाडायची ते ठरवू.