थुंब्याची धाकटी रॉकेटं

(दृश्य : पहाट. किनाऱ्यावर कोळी जाळं ओढताहेत. पहिली वीस सेकंद निवेदन नाही, फक्त गाज आणि माणसांचा ओढण्याचा ताल.)

तिरुवनंतपुरम शहर मागे टाकून किनाऱ्यानं थोडं उत्तरेला आलं की थुंबा लागतं. मल्याळममध्ये थुंबा म्हणजे एक इवलंसं पांढरं फूल. ओणमच्या फुलांच्या रांगोळीत त्याचा मान असतो. आपण त्याला द्रोणपुष्पी म्हणतो. या झुडपावरूनच गावाला नाव पडलं असं सांगतात. वाळू, नारळ, होड्या. आणि होड्यांच्या मागे ते कुंपण.

(दृश्य : चर्चचा दर्शनी भाग. कॅमेरा सावकाश दारातून आत.)

हे सेंट मेरी मॅग्डलीनचं चर्च. आत गेल्यावर मान आपोआप वर जाते, चर्चमध्ये जातेच. पण इथे खाली उभी आहेत रॉकेटांची मॉडेलं. आज हे अंतराळ संग्रहालय आहे. १९६३ साली ही कार्यशाळा होती. भारताच्या भूमीवरून उडालेलं पहिलं साउंडिंग रॉकेट याच छपराखाली जोडलं गेलं.

साउंडिंग म्हणजे आवाज नव्हे बरं का. जहाजावरचे खलाशी दोरीला शिशाचा गोळा बांधून पाण्याची खोली बघायचे, त्या मापण्याला हा शब्द आहे. इथे समुद्राऐवजी आकाश, दोरीऐवजी रॉकेट.

(दृश्य : चुंबकसूची, अगदी जवळून. सुई वर-खाली डोलते आणि थांबते.)

पण ही मापं घ्यायला थुंबाच का? उत्तर या सुईत आहे. होकायंत्राची सुई आडवी फिरते, ही उभी फिरते. पुण्यात धरली तर तिचं उत्तरेचं टोक खाली झुकतं. दिल्लीला आणखी झुकतं. थुंब्याला त्या काळी ती जवळजवळ आडवी राहायची, कारण पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे जिथे ही सुई अगदी आडवी राहते ती रेषा, या गावाला जवळपास चिकटून जात होतं.

त्या रेषेच्या डोक्यावर, साधारण शंभर-एकशे दहा किलोमीटर उंचीवर, दिवसा विजेचा प्रवाह वाहतो. पश्चिमेकडून पूर्वेकडे. नदीसारखा, ठरावीक पट्ट्यात. त्याला इलेक्ट्रोजेट म्हणतात. जमिनीवर बसून तो मोजायची एक युक्ती आहे आणि तिच्यात आपलं अलिबाग आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी सुया बिघडणार, म्हणून कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेचं काम १९०४ पासून अलिबागला हललं. अलिबाग या प्रवाहापासून लांब आहे. त्यामुळे दक्षिण टोकाच्या केंद्रावरची नोंद घ्यायची, तीतून अलिबागची वजा करायची, आणि उरेल तो इलेक्ट्रोजेटचा वाटा धरायचा. आजही हिशेब असाच करतात.

पण ही झाली वजाबाकी. प्रत्यक्ष प्रवाहात उपकरण बुडवायचं, तर न्यायचं कशानं? फुग्याचा दम तीस-चाळीस किलोमीटरला संपतो. उपग्रह इतक्या खाली टिकत नाही, विरळ का होईना, हवा त्याला ओढून खाली आणते. या मधल्या पट्ट्यात जाणारी गाडी एकच. साउंडिंग रॉकेट. सरळ वर जायचं, काही मिनिटं मोजायचं, समुद्रात पडायचं. उपकरणानं रेडिओवरून जे काही सांगितलं असेल, तीच मिळकत.

(दृश्य : जुने फोटो. विक्रम साराभाई किनाऱ्यावर.)

१९६२ साली अणुऊर्जा विभागाच्या पंखाखाली अंतराळ संशोधनाची राष्ट्रीय समिती स्थापन झाली. अध्यक्ष, विक्रम साराभाई. रॉकेटसाठी जागा हुडकण्याचं काम ज्यांनी केलं, त्यांत आघाडीवर होते एकनाथ चिटणीस, कोल्हापूरचे. शंभरी पाहून २०२५ साली ते पुण्यात वारले. थुंबा म्हटलं की कलाम आठवतात, साराभाई आठवतात. चिटणीसांचं नाव किती मराठी घरांत निघतं, कोण जाणे.

जागा सापडली, पण जागेवर गाव होतं आणि गावाच्या मधोमध चर्च. साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरांना भेटले. बिशपनी रविवारच्या प्रार्थनेनंतर गावापुढेच विषय मांडला आणि गाव हो म्हणालं, असं कलाम पुढे अनेकदा सांगत. सुमारे सहाशे एकर जमीन मिळाली. कोळ्यांची घरं हलली, पलीकडे नवं चर्च उभं राहिलं.

(दृश्य : चर्चच्या आतल्या खिडक्या, उजेडाचे पट्टे. नंतर बिशपचं जुनं घर.)

चर्चमध्ये प्रयोगशाळा, बिशपच्या खोलीत आराखड्यांची टेबलं. इथे आलेली मुलं पंचविशी-तिशीतली. अब्दुल कलाम, आर. अरवमुदन, डी. ईश्वरदास. पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे त्यांच्याहूनही लहान. सगळे अमेरिकेत नासाच्या केंद्रांवर काही महिने शिकून आलेले. तिथल्या व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर, वॉलॉप्स बेटाच्या तळावर, कलामांना भिंतीवर एक चित्र दिसलं होतं : टिपू सुलतानाचं सैन्य इंग्रजांवर बाण सोडतंय. रॉकेटं शिकायला आपण इतक्या लांब आलो, आणि स्वागताला म्हैसूरचीच रॉकेटं!

थुंब्यात तेव्हा ना राहायची सोय ना जेवायची. मुलं शहरात लॉजवर राहायची. रेल्वे स्टेशनच्या कँटीनमधून जेवण बांधून घ्यायचं आणि बसनं इथे यायचं.

(दृश्य : सायकलचा प्रसिद्ध फोटो. पूर्ण पडदा. पाच सेकंद काही बोलायचं नाही.)

हा फोटो तुम्ही पाहिलेला असणार. १९६६ साली फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ इथे आले होते, तेव्हाचा. सायकलच्या कॅरिअरवर रॉकेटचं नाकाड. दर ऑगस्टमध्ये हा फोटो मोबाइलवर फिरतो आणि खाली मजकूर असतो, बघा, किती गरिबी होती. गरिबी होतीच, नाकारायचं कारण नाही. पण फोटो पुन्हा बघा. ती वस्तू एवढीच आहे. सायकलवर सहज बसते, दोन माणसं चालत नेतात. इथली रॉकेटं लहान होती म्हणून ती वारंवार उडवता आली, चुकली तरी पुन्हा करता आली. आमच्या मते या फोटोतली खरी श्रीमंती ती आहे.

(दृश्य : नाइकी-अपाचीचे जुने फोटो. ट्रक. लाँचर.)

तर, २१ नोव्हेंबर १९६३.

रॉकेटचं नाव नाइकी-अपाची. दोन टप्पे, दोन्हींत घन इंधन. खालचा नाइकी मुळात अमेरिकेच्या विमानविरोधी क्षेपणास्त्राचा बूस्टर, वरचा अपाची सडपातळ. रॉकेट अमेरिकेचं, त्याच्या टोकातला सोडियमचा डबा फ्रान्सचा. पुढे सोव्हिएत संघानं मिन्स्क संगणक आणि हेलिकॉप्टर दिलं. क्युबाच्या पेचावरून अमेरिका आणि रशिया एकमेकांच्या नरडीला हात घालायला निघाले, त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. आणि इथे एकाच वाळूत दोघांची खोकी उतरत होती.

जोडलेलं रॉकेट चर्चमधून ट्रकवर चढलं आणि लाँचरपाशी आलं. आता क्रेननं उचलून लाँचरवर ठेवायचं. क्रेन हातानं चालवायची, हायड्रॉलिक. रॉकेट उचलायची वेळ आली आणि तिचं तेल गळायला लागलं. रॉकेट तिरकं होऊ लागलं. संध्याकाळची वेळ जवळ येत होती. दुरुस्तीला उसंत नव्हती. मग सगळ्यांनी मिळून हात लावले आणि रॉकेट लाँचरवर बसवलं. पाहायला आलेल्यांत होमी भाभा होते, साराभाई होते.

आता घाई कशाची, तर संधिप्रकाशाची. या प्रयोगात रॉकेट वर जाऊन सोडियमची वाफ सोडणार. खाली जमिनीवर सूर्य मावळलेला हवा, म्हणजे आकाश काळं. पण वर दीड-दोनशे किलोमीटरवर ऊन असतंच. त्या उन्हात सोडियम नारिंगी-पिवळं चमकतं, रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या दिव्यांसारखं, कारण त्या दिव्यांतही हेच सोडियम. मग वेगवेगळ्या ठिकाणांहून कॅमेरे त्या रेघेचे फोटो घेत राहतात. रेघ वाऱ्यानं वाकडी होते, फाटते, पसरते. कुठल्या उंचीवर ती किती सरकली, यावरून तिथला वारा कळतो. जिथे पतंगसुद्धा पोचत नाही, तिथला वारा नुसत्या डोळ्यांनी. दिवसाउजेडी हे जमत नाही, मध्यरात्री जमत नाही. संध्याकाळची ती काही मिनिटंच कामाची.

सहा वाजून पंचवीस मिनिटं.

(दृश्य : उड्डाणाची कृष्णधवल चित्रफीत. मूळ आवाज. नंतर संधिप्रकाशातल्या वाफेचा फोटो. तीस सेकंद निवेदन नको.)

उड्डाण नीट झालं. आकाशातली ती नारिंगी रेघ केरळात आणि पलीकडे तमिळनाडूत लोकांनी अंगणात उभं राहून पाहिली. दुसऱ्या दिवशी डल्लासमध्ये केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि जगाच्या वर्तमानपत्रांत दुसऱ्या कशालाच जागा उरली नाही.

याच सोडियमचा एक प्रसंग कलामांनी लिहून ठेवला आहे. त्याचा फोटो नाही. सोडियम आणि थर्माइट, म्हणजे पेटल्यावर प्रचंड तापणारी पूड, यांचं मिश्रण भरताना सहकाऱ्याच्या कपाळावरचा घाम त्यात पडला. सोडियम पाण्याशी काय करतं, ते शाळेत चिमटीभर तुकड्यावर पाहिलेलं असतं. इथे स्फोट झाला, खोली पेटली. त्या सहकाऱ्यानं हातानं काच फोडली, आधी कलामांना बाहेर ढकललं, मग स्वतः उडी मारली.

(दृश्य : संग्रहालयातलं रोहिणी ७५. शेजारी माणूस उभा, उंचीचा अंदाज यावा म्हणून.)

१९६४ च्या जानेवारीत इथूनच उडालेल्या रॉकेटांतल्या मॅग्नेटोमीटरनी, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणांनी, त्या विजेच्या नदीतून जाऊन मोजमापं आणली. विज्ञान चालू झालं. पण रॉकेट अजून परक्याचं. साराभाईंना ते खुपत होतं.

हे रोहिणी ७५. व्यास ७५ मिलिमीटर, म्हणजे पाण्याच्या बाटलीएवढं. २० नोव्हेंबर १९६७ ला उडालं. दिवाळीतल्या बाणाची आठवण येते ना? येऊ द्या. नळी इथली, शेपटीचे पंख इथले, जोडणी इथली. आत मात्र कॉर्डाइट, तोफेच्या दारूच्या जातीचं. तोफगोळ्याला ते चालतं. मोठ्या रॉकेटला दुसरं काही हवं होतं.

(दृश्य : इंधनाच्या साच्याचं कापलेलं मॉडेल. कॅमेरा मधल्या भोकावर येतो.)

इथे येतात वसंत गोवारीकर. महाराष्ट्र त्यांना मान्सूनच्या सोळा घटकांच्या प्रारूपामुळे ओळखतो, पण ते नंतरचं. जन्म पुण्याचा, वाढले कोल्हापुरात, बर्मिंगहॅमला पीएच.डी., मग तिकडेच रॉकेट इंधनावर काम. १९६७ मध्ये साराभाईंनी बोलावलं आणि ते थुंब्याला आले.

घन इंधन म्हणजे ही कणीक समजा. अमोनियम परक्लोरेटची पूड ऑक्सिजन पुरवते. ॲल्युमिनियमची पूड उष्णता वाढवते. आणि हे सगळं धरून ठेवतं एक रबरासारखं बहुवारिक, म्हणजे पॉलिमर. मळायचं, साच्यात ओतायचं, ऊब देऊन घट्ट होऊ द्यायचं. मधोमध पोकळी ठेवायची, कारण हे इंधन आतून बाहेर जळत जातं. ही पोकळी बहुतेक वेळा चांदणीच्या आकाराची. चकलीच्या सोऱ्याची चकती आठवा, थेट तशी. चांदणीच्या कोपऱ्यांमुळे सुरुवातीलाच जळायला भरपूर पृष्ठभाग मिळतो, आणि आकार बदलून जोर कमी-जास्त करता येतो.

सगळी मेख पृष्ठभागात आहे. कणकेत हवेचा बुडबुडा राहिला, घट्ट होताना बारीकशी चीर गेली, की आग तिच्यात शिरते. जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, दाब वाढतो, नळी फुटते. म्हणून ओतायचं ते निर्वातात. म्हणून प्रत्येक नवं मिश्रण आधी जमिनीला जखडलेल्या मोटरमध्ये जाळून बघायचं. दाबाचा आलेख कागदावर उमटतो. तो सपाट आला तर ठीक, टोचरा आला तर पुन्हा पिठापासून सुरुवात. अशी किती पिठं वाया गेली असतील, याचं संग्रहालय कुणी काढत नाही.

१९६९ मध्ये थुंब्यातच तयार झालेल्या मृणाल नावाच्या इंधनावर रोहिणी उडालं. त्याच वर्षी फ्रान्सच्या परवान्यानं इथे बांधलेलं सेंटॉर रॉकेटही उडालं. त्याच वर्षी इस्रो स्थापन झाली.

(दृश्य : २ फेब्रुवारी १९६८. इंदिरा गांधी थुंब्यात.)

त्याआधी १९६८ मध्ये इंदिरा गांधींनी हा तळ संयुक्त राष्ट्रांना अर्पण केला. साराभाई ३० डिसेंबर १९७१ ला इथून जवळच, कोवळमला वारले. मोठी रॉकेटं पुढे श्रीहरिकोट्याला गेली. १९८० मध्ये एसएलव्ही-३ या रॉकेटनं उपग्रह कक्षेत ठेवला आणि कॅमेरे कायमचे तिकडे वळले.

(दृश्य : रोहिणी २०० लाँचरवर. दिवसाचा उजेड.)

थुंबा मात्र चालू आहे. हे रोहिणी २००. साडेतीन मीटरचं, दोन टप्प्यांचं. २०२२ च्या नोव्हेंबरात याचं सलग दोनशेवं यशस्वी उड्डाण झालं. बातमी आली, आतल्या पानावर. याच्या टोकात तांब्याच्या बारीक तारा असतात. सत्तरेक किलोमीटरवर त्या मोकळ्या सोडायच्या आणि त्या कुठे वाहत जातात ते रडारनं बघायचं. १९६३ ला सोडियम होतं, आता तांबं. विचारायचं तेच : वर वारा कसा आहे?

(दृश्य : उलटी मोजणी, मूळ आवाज. उड्डाण. धूर.)

गेलं. डोळ्यांना आता काही दिसणार नाही. तारा वर सुटल्या असतील, रडारवर त्यांचा ठिपका सरकायला लागला असेल.

(दृश्य : धूर किनाऱ्यावरून विरत जातो. एक होडी पाण्यात ढकलली जाते. शेवटची पंधरा सेकंद फक्त गाज.)