वजन न उचलणारे खांब : शार्लमेनचं रोम

मंडळी, शार्लमेनची गोष्ट बहुतेक वेळा २५ डिसेंबर ८०० पासून सुरू होते. रोममधलं सेंट पीटरचं चर्च, नाताळची प्रार्थना. पोप तिसरा लिओ पुढे येतो आणि फ्रँक या जर्मन वंशाच्या लोकांच्या या राजाच्या डोक्यावर मुकुट ठेवतो. पश्चिमेतलं रोमन साम्राज्य बुडाल्यावर सव्वातीनशे वर्षांनी तिथे पुन्हा सम्राट आला. मी मात्र तुम्हाला आधी १७९४ सालात नेणार आहे. त्या वर्षी फ्रेंच क्रांतीच्या फौजा जर्मनीतल्या आखेन शहरात शिरल्या. शार्लमेनच्या राजवाड्यातल्या चर्चचे संगमरवरी, ग्रॅनाइटचे, लाल पॉर्फिरीचे खांब त्यांनी उपटले आणि पॅरिसला रवाना केले. काही तर आजही लूव्र संग्रहालयात आहेत. इतके खांब काढून घेतले, तरी चर्च ढिम्म हललं नाही.

कारण ते खांब वजन उचलतच नव्हते. हे चर्च आतून अष्टकोनी आहे. घुमटाचा सगळा भार आठ कोपऱ्यांवरच्या जाडजूड दगडी बांधकामावर येतो. वरच्या मजल्यावर उंच कमानी आहेत आणि त्या कमानींच्या पोकळीत हे खांब दोन ओळींत, एकावर एक उभे केलेले. वरच्या ओळीतले तर थेट कमानीच्या पोटात जाऊन घुसतात. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळातल्या एखाद्या स्थपतीने हे पाहिलं असतं तर कपाळावर हात मारून घेतला असता. आपल्याकडे जुन्या वाड्याचे कोरीव खांब विकत घेऊन फ्लॅटच्या हॉलमध्ये लावतात ना, त्यातलाच प्रकार.

पण त्यासाठी केलेला खटाटोप बघा. पोप पहिला हेड्रियन याचं शार्लमेनला लिहिलेलं एक पत्र उपलब्ध आहे. इटलीतल्या राव्हेना शहरातल्या राजवाड्यातला संगमरवर आणि मोझेक, जमिनीवरचं आणि भिंतीवरचंही, काढून न्यायची परवानगी त्यात आहे. शार्लमेनचा चरित्रकार आइनहार्ड सांगतो की खांब आणि संगमरवर रोम आणि राव्हेनाहून आणवले, कारण दुसरीकडे कुठे मिळेनात. यात तथ्य आहे. लाल पॉर्फिरी हा बादशाही दगड. त्याच्या खाणी इजिप्तच्या वाळवंटात होत्या आणि त्या बंद पडून काही शतकं लोटली होती. तो हवा तर जुन्या इमारतीतूनच काढायला हवा. मग आल्प्स ओलांडून हे धूड आखेनला आणायचं, आणि कशासाठी? नुसतं उभं करायला! माझ्या मते शार्लमेनचं सगळं रोम या खांबांत आहे. इमारत पेलायचं काम फ्रँक गवंड्यांच्या भिंती करतात. खांबांचं काम एवढंच, की आत येणाऱ्याला कळावं, इथे कोण राहतो.

आता हे रोम नक्की कुठलं? चर्चचा आराखडा राव्हेनाच्या सान व्हिताले चर्चशी नातं सांगतो. ते ५४७ साली, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट जस्टिनियन याच्या राज्यात पुरं झालं. राव्हेनाहून शार्लमेनने एक अश्वारूढ पुतळाही आणवला आणि तो लोक ज्याचा मानत तो राजा थिओडोरिक तर रोमन नव्हे, गॉथ टोळीतला! आपल्याला रोम म्हटलं की सीझर आठवतो. शार्लमेनच्या डोळ्यांसमोर होते ते ख्रिस्ती सम्राट, त्यातही मुख्यतः कॉन्स्टंटाइन.

शार्लमेनचं एक चांदीचं नाणं आहे, शेवटच्या वर्षांतलं. त्याच्या फार थोड्या प्रती उरल्या आहेत. एका बाजूला सम्राटाचा चेहरा, डोक्यावर विजयमाला, खांद्यावर रोमन झगा, भोवती ‘सम्राट ऑगस्टस’ ही पदवी. मागच्या बाजूला खांबांचं देऊळ, रोमन नाण्यांवर असतं तसंच, फक्त त्यावर क्रूस. आणि हाच माणूस रोज कसा वावरायचा? आइनहार्ड म्हणतो, फ्रँक पोशाखातच. परदेशी कपडे त्याला आवडत नसत. रोमन झगा त्याने आयुष्यात दोनदाच घातला, तोही रोममध्ये, पोपच्या आग्रहाखातर. गंमत अशी, की हे सांगणाऱ्या आइनहार्डनेही आपल्या चरित्राचा साचा स्युटोनियस या रोमन लेखकाच्या सीझरचरित्रांवरून उचललाय. ऑगस्टसच्या वर्णनातले शब्दच्या शब्द शार्लमेनला चिकटवलेत. चरित्रातही आयते खांब!

हस्तलिखितांबद्दल थोडक्यात सांगतो, तो विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे. या काळातल्या मठांनी लॅटिन ग्रंथ झपाट्याने उतरवून काढले. कित्येक रोमन लेखकांची आज हाती असलेली सर्वांत जुनी प्रत याच काळातली आहे. त्यासाठी त्यांनी सुटसुटीत, गोलसर लहान अक्षर रूढ केलं. पंधराव्या शतकात इटलीतल्या विद्वानांना या प्रती सापडल्या. त्यांना ते अक्षर प्राचीन रोमचंच वाटलं. त्यांनी ते गिरवलं आणि छापखान्यांनी त्याचेच खिळे पाडले. आपण ज्याला रोमन टाइप म्हणतो, त्यातली लहान अक्षरं अशी फ्रँक मठांतून आली आहेत.

शार्लमेन ८१४ मध्ये गेला, नातवंडांनी साम्राज्य वाटून घेतलं. ते सगळं सोडून मी थेट इसवी सन १००० च्या सुमाराला येतो. आखेनच्या खजिन्यात त्या काळातला एक सोन्याचा, रत्नजडित क्रूस आहे, ‘लोथारचा क्रूस’ म्हणून ओळखला जाणारा. त्याच्या ऐन मध्यावर, जिथे येशू असायचा, तिथे ऑगस्टस आहे! पहिल्या शतकातला, दगडात कोरलेला अस्सल रोमन कॅमिओ. त्या काळच्या ख्रिस्ती माणसाला यात काही वावगं वाटलं नाही. लूकच्या शुभवर्तमानात येशूचा जन्म ऑगस्टसच्याच हुकमाच्या, त्या शिरगणतीच्या, संदर्भात येतो. येशू क्रुसाच्या मागच्या बाजूला आहे, साध्या रेषांत कोरलेला. मला विचाराल तर तीच बाजू जास्त सुंदर आहे.

तेव्हाचा सम्राट तिसरा ऑटो, वीस वर्षांचा पोरगा. याने रोमच्या पुनरुज्जीवनाचा ध्यासच घेतला. ९९८ पासून त्याच्या शिशाच्या मुद्रेवर घोषवाक्य आलं : ‘रोमनांच्या साम्राज्याचं नूतनीकरण’. इसवी सन १००० मध्ये त्याने आखेनला शार्लमेनची कबर उघडवली आणि गळ्यातला सोन्याचा क्रूस काढून घेतला. रोममध्ये त्याने राहायला वाडा केला. आणि १००१ मध्ये रोमच्या लोकांनी बंड करून त्याला शहराबाहेर काढलं. रोमला परत जायच्या तयारीत असतानाच जानेवारी १००२ मध्ये तो वारला, वय एकवीस. त्याच्या माणसांनी मृतदेह शत्रूच्या मुलखातून आखेनला नेऊन पुरला. मागून गादीवर आलेल्या दुसऱ्या हेन्रीने मुद्रा बदलली. नूतनीकरण राहिलं, पण कशाचं, तर ‘फ्रँकांच्या राज्याचं’.